गढीची माती कुणाची?

मराठवाड्यातल्या जुन्या गावाकडे जाताना गाव दिसण्याआधी त्याची गढी दिसते. पांढुरक्या मातीचे उंच टेकाड, त्यावर अर्धवट उभी असलेली भिंत, पोट फुटलेला एखादा बुरूज, बुरजाच्या खांद्यावर उगवलेला लिंब किंवा पिंपळ आणि पायथ्याशी बाभळी, तरवड आणि उकिरडे. जालना जिल्ह्यात भोकरदन-जाफराबादपासून अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यापर्यंत फिरावे, हे चित्र पुन्हा पुन्हा भेटते. गावातल्या पोरांना ती घसरगुंडी असते, म्हाताऱ्यांना ती नुसती 'गढी' असते आणि ट्रॅक्टरवाल्याला ती फुकटची माती असते. या तिघांपैकी सध्या तिसऱ्याचेच चालते आहे.

गढी म्हणजे किल्ला नव्हे. किल्ला राजाचा. त्याला डोंगर लागतो, घडीव दगड लागतो, फौज लागते, आणि त्याचे नाव बखरीत येते. गढी ही देशमुखाची, देशपांड्याची, पाटलाची, एखाद्या लहान जहागीरदाराची. चार कोपऱ्यांना चार बुरूज, पुरुषभर किंवा त्याहून जाड भिंत, एकच मोठा दरवाजा आणि त्याला माणूस वाकूनच आत जाईल अशी दिंडी. आत देवड्या, ढाळज, चौसोपी वाडा, धान्याची बळदे आणि पेवे, आणि मुख्य म्हणजे स्वतःचा आड. वेढा पडला तरी काही दिवस तग धरता यावा, एवढाच तिचा हिशेब. पायाला थोडा दगड, वर कुठे भाजलेल्या विटा आणि चुना, पण बाकी सगळा खेळ मातीचा.

आणि ही माती कुठली, तर गावाची. आपल्याकडे गावाची जमीन दोन रंगांत विभागलेली असे. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरी आपोआप पांढरी होत नाही. शेकडो वर्षे माणसे एके ठिकाणी राहतात, चुली पेटवतात, राख टाकतात, गुरे बांधतात, भिंती लिंपतात. त्या भिंती पडतात आणि पडलेल्या भिंतींवर नव्या उठतात. राख, शेण, चुना, खापऱ्या, हाडे असे सगळे एकमेकांत मुरून जी चिकट, पांढुरकी माती होते ती पांढरी. गढी बांधणाऱ्याने बहुधा अशीच आधीची उंच जागा निवडली आणि तिथलीच माती तुडवून तिच्यावर आणखी उंची चढवली. म्हणून गढीचे टेकाड हे केवळ दोन-तीनशे वर्षांच्या वाड्याचे अवशेष नसते. अनेकदा त्या वाड्याखाली त्याच्या आधीचे गाव असते, आणि त्या गावाखाली त्याच्याही आधीचे.

हे कल्पनेने म्हणत नाही. याच जिल्ह्यातले भोकरदन घ्या. केळना नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव एका प्राचीन टेकाडावर वसले आहे. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथे उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळातले भोगवर्धन नगर उजेडात आले. सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर ज्या गावोगावच्या दात्यांची नावे कोरली आहेत, त्यांत भोगवर्धनचे लोक आहेत. या मातीत हस्तिदंताची एक खंडित स्त्रीमूर्ती सापडली. तिची बहीण शोभावी अशी मूर्ती १९३८ साली इटलीत पाँपेई नगराच्या राखेतून निघाली होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसूव्हियसच्या ज्वालामुखीने जे शहर गाडले, त्यातल्या एका घरात दक्खनच्या हस्तिदंती कलेशी इतके नाते सांगणारी मूर्ती होती. केळनेच्या काठचा आणि भूमध्य समुद्राच्या काठचा हा संबंध आपल्याला कुठल्या पोथीने सांगितलेला नाही. तो पांढरीने सांगितला.

आता गढीकडे पुन्हा येऊ. मातीच्या बांधकामाबद्दल आपल्या मनात एक सुप्त तुच्छता असते. दगडी ते खरे आणि मातीचे ते गरिबाचे, असा आपला समज आहे. पण तोफांच्या काळात मातीची भिंत दगडापेक्षा चिवट ठरली, हे इतिहासाला ठाऊक आहे. दगडी तटावर गोळा बसला की चिरा फुटतो आणि भगदाड पडते. मातीच्या जाड तटात तोच गोळा रुतून बसतो. राजस्थानातल्या भरतपूरच्या मातीच्या तटापुढे जनरल लेकने १८०५ साली चार वेळा हल्ला चढवला आणि चारही वेळा मार खाल्ला. तीन हजारांवर माणसे कामी आली किंवा जखमी झाली, तरी किल्ला पडला नाही. तो पडला १८२६ साली, तोही तटाखाली सुरुंग पेरल्यावर.

भरतपूर दूरचे झाले. जालना जिल्ह्यातल्याच असईकडे पाहू. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजा आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. हाच वेलस्ली पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली, त्यावरून मध्ये उतार असणारच हे त्याने ओळखले आणि तिथून फौज पार केली, ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत मोठ्या कौतुकाने सांगतात. त्या मानाने कमी सांगितली जाते ती असई गावाच्या मातीच्या भिंतींची गोष्ट. त्या भिंतींआड मराठ्यांच्या तोफा आणि पायदळ होते. वेलस्लीची ७४ वी पलटण चुकून गावाच्या फार जवळ गेली आणि जवळजवळ कापली गेली. लढाई इंग्रजांनी जिंकली, ९८ तोफा घेतल्या, पण त्यांचे पंधराशेंवर लोक मेले आणि जखमी झाले. त्या दिवशी एका साध्या खेड्याच्या चिखलाच्या भिंतीने जगातल्या एका कसलेल्या फौजेला काय किंमत मोजायला लावली, हे जालना जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना तरी ठाऊक असायला हवे.

खुद्द जालना शहरात एक दगडी किल्ला आहे. निजाम असफजाहाच्या हुकमाने काबिल खानाने १७२५ साली तो बांधला आणि तसे सांगणारा फारसी शिलालेखही तिथे आहे. दगडाची हीच सोय असते. तो स्वतःचे नाव आणि सन अंगावर वागवतो. मातीच्या गढीवर कुणी शिलालेख कोरला नाही. तिच्याबद्दल जे काही समजायचे ते तिच्या भिंतीच्या थरांवरून, तिच्यातल्या खापरांवरून, तिच्या जागेवरून आणि गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडून. यातले म्हातारे आता थोडे राहिले, आणि बाकीचे सगळे ट्रॉलीत भरून चालले आहे.

गढ्या पडतात त्या पावसाने, असे आपण म्हणतो. पण आपला पाऊस बेताचा. वर माळवद शाबूत असेल, भिंतीच्या माथ्यावर पाणी मुरत नसेल आणि दर दोन-चार वर्षांनी लिंपण होत असेल, तर मातीची भिंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. हैदराबाद संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाले, पुढच्याच वर्षी जहागिऱ्या गेल्या, मग कुळकायदा आला. गढीतली माणसे आधी खालच्या आळीत, मग तालुक्याला आणि पुढे संभाजीनगर-पुण्याला गेली. तुळया, खांब आणि दरवाजे विकले गेले. छप्पर गेले की मातीचे आयुष्य मोजके उरते. तरीही ती गडगडून जमीनदोस्त होत नाही. तिचे टेकाड होते, आणि टेकाड सहज शेकडो वर्षे टिकू शकते. त्याला फक्त कुणी खणू नये लागते.

आणि खणण्याला तर कारणे भरपूर. पहिले कारण माळवदाचे. मराठवाड्यातल्या धाब्याच्या घरांवर पांढरी माती लागायची, कारण ती पाणी धरून ठेवते आणि गळू देत नाही. मग दर उन्हाळ्यात गढीच्या पोटात कुदळ. हे शतकभर चालले तरी त्याला एक माप होते. डोक्यावरच्या पाटीचे, गाढवाच्या पाठीचे, फार तर बैलगाडीचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा भार यांखाली हजारो माणसे गेली, आणि सबंध मराठवाड्याने माळवदाचा धसका घेतला. पत्रे आले, स्लॅब आले. आता माळवदालाच माती नको म्हटल्यावर गढी वाचायला हवी होती. पण तोवर यंत्र आले. पिढ्यान्‌पिढ्या पाटीने जेवढी माती गेली असेल तेवढी जेसीबी दोन दिवसांत काढतो.

दुसरे कारण खताचे. पांढरीत राख आणि शेण मुरलेले, म्हणून ती शेताला मानवते. यात आपल्या शेतकऱ्याला दोष द्यायला नको. इजिप्तच्या शेतकऱ्यांनी अशाच मातीसाठी प्राचीन नगरांच्या विटांच्या भिंतीच्या भिंती खणून शेतात पसरल्या. १८८७ साली अमार्ना इथे असे खणतानाच लिहिलेल्या मातीच्या पाट्या निघाल्या आणि त्यांतून तीन हजारांवर वर्षांपूर्वीचा राजाराजांचा पत्रव्यवहार जगाला कळला, असे सांगतात. त्या हाती लागल्या म्हणून आपण त्यांची गोष्ट सांगतो. शेतात पसरलेल्या मातीबरोबर काय काय गेले, त्याची गोष्ट सांगायला कुणी नाही.

तिसरे कारण गुप्तधनाचे. गढीत हंडा आहे, त्यावर नाग आहे, अमावास्येला तो दिसतो, ही कहाणी नाही अशी गढी सापडायची नाही. या हंड्यापायी रात्रीबेरात्री तळघरे उकरली जातात, बुरजाचा पाया पोखरला जातो, मांत्रिक आणले जातात. कायदा यावर मुका नाही. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या नावाखालची अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली आहेत. खरे सांगायचे तर गढीत धन आहे, पण ते हंड्यात नाही. एका खापराच्या तुकड्यावरून जाणता माणूस दोन हजार वर्षांचा हिशेब लावतो. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीतून मिळणाऱ्या अशा वस्तू आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या संग्रहातून आज तिथे शासनाचे वस्तुसंग्रहालय उभे आहे. गावातच राहणाऱ्या एका माणसाचे हे काम. गुप्तधन म्हणायचे तर याला म्हणावे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. गढी कुणी सांभाळावी? ज्यांच्या आजा-पणजाने तिथे वेठबिगारीवर चिखल तुडवला, ज्यांना दिंडी दरवाजाच्या आत पाऊल टाकता आले नाही, सारा थकला म्हणून ज्यांना देवडीसमोर उन्हात उभे केले गेले, त्यांनी? त्यांच्यापैकी कुणी 'पडू द्या एकदाची' म्हणाला तर त्याला इतिहासद्रोही म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. पेंढाऱ्यांच्या धाडी येत तेव्हा गाव गुराढोरांसह गढीच्या आडोशाला येई, हे खरे. धाड टळल्यावर वसुली त्याच गढीतून होई, हेही तितकेच खरे. निव्वळ देशमुखी दिमाखासाठी गढी राखायची असेल, तर न राखलेली बरी.

पण ती राखायची दुसऱ्याच कारणासाठी. मालकाचे नाव सनदेत राहिले, वंशावळीत राहिले, सातबाऱ्यावर राहिले. माती वाहणाऱ्या वडाराचे, चिखल तुडवणाऱ्या महारा-मांगाचे, तुळई घडवणाऱ्या सुताराचे, दरवाजाला खिळे ठोकणाऱ्या लोहाराचे नाव कुठल्याच कागदावर नाही. त्यांचा कागद म्हणजे ही भिंत. ओल्या चिखलावर उमटलेली बोटे, भिंतीत मिसळलेले भूस, एका दिवसात जेवढी उंची चढली तेवढा एक थर, हे सगळे त्यांच्या हातचे आहे. गढी खणून नेली की मालकाचे काही बिघडत नाही. त्याची सनद पेटीत असते. पुसली जाते ती बाकीच्या गावाची एकुलती एक नोंद. म्हणून मला वाटते, गढीवर पहिला हक्क तिच्यात राहिलेल्यांचा नसून ती बांधलेल्यांचा, म्हणजे गावाचा आहे.

इंग्लंडमध्ये आपल्या गढ्यांच्या दूरच्या चुलत बहिणी आहेत. १०६६ साली नॉर्मनांनी तो देश जिंकला आणि जागोजाग मातीचे उंच ढिगारे रचून त्यांवर लाकडी बुरूज उभे केले. जिंकलेल्यांनी हुकूम सोडायचा आणि हरलेल्यांनी माती वाहायची, तीच जगाची रीत. बेयोच्या प्रसिद्ध भरतकामाच्या पटावर फावडी घेऊन असा ढिगारा रचणारे मजूर आजही दिसतात. यॉर्क शहरातल्या अशाच एका टेकाडावरच्या लाकडी बुरुजात ११९० साली जमावाच्या भीतीने आसऱ्याला आलेले सुमारे दीडशे ज्यू स्त्री-पुरुष प्राणांस मुकले. यापेक्षा काळी आठवण कोणती असणार? पण त्या शहराने टेकाड सपाट केले नाही. ते राखले आणि १९७८ साली त्याच्या पायथ्याशी त्या मृतांच्या स्मरणाची पाटी लावली. जागा जपणे म्हणजे तिच्या धन्याचा जयजयकार नव्हे, हे यातून शिकण्यासारखे आहे. आपल्या गढीच्या पायथ्याशीही एक पाटी लागावी, आणि तीवर देशमुखांच्या बरोबरीने राबणाऱ्यांचाही उल्लेख असावा.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. गावात घरकुलाला जागा नाही, अंगणवाडीला जागा नाही, आणि एवढे टेकाड रिकामे पडले आहे. शिवाय पावसाळ्यात भिंत कुणाच्या अंगावर पडेल याचा नेम नाही. भीती खोटी नाही. पण भिंत धोक्याची होते ती बहुधा तिचा पायथा पोखरल्यामुळे. माती नेणारा वरून सोलत नाही. तो खालून घास काढतो आणि वरचा भार अधांतरी लोंबकळतो. खणणे थांबले की निम्मा धोका तिथेच थांबतो. राहिला जागेचा प्रश्न. अनेक गावांनी गढीच्या माथ्यावर पाण्याची टाकी बांधली आहे. उंची हवी म्हणून पूर्वजांनी जागा निवडली, उंची हवी म्हणूनच आपणही निवडली. यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. टाकी एका कोपऱ्यात राहते, बाकी टेकाड वाचते. वाईट आहे ते सबंध टेकाड सपाट करून त्यावर व्यापारी गाळे काढणे.

मग करायचे काय? सरकारने सगळ्या गढ्या ताब्यात घ्याव्यात, असे म्हणणे सोपे आहे. राज्याचा प्राचीन वास्तूंचा कायदा १९६० पासून आहे, पण हजारो गढ्यांना राखणदार नेमणे कुठल्याही खात्याच्या आवाक्यातले नाही. काम गावालाच करावे लागेल, आणि ते फार खर्चाचे नाही.

पहिली गोष्ट कागदाची. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाणे मोजून घरोघर मिळकत पत्रिका देण्याचे हे काम. महाराष्ट्रात याचा पहिला प्रयोग त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला होता, आणि योगायोग असा की सोनोरी हे पानसे सरदारांच्या गढीचे गाव. गावठाण आजवर मोजलेले नव्हते म्हणून गढीची हद्द धूसर होती आणि धूसर होती म्हणून जो तो थोडी थोडी आत सरकत होता. आपल्या गावच्या नकाशावर गढी स्वतंत्र दाखवली आहे का, ती कुणाच्या नावे लागली आहे, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने एकदा उघडून पाहावे. खासगी असेल तर मालकी मालकाकडे राहू द्यावी, पण माती न काढण्याचा लेखी करार त्याच्याशी करावा. शहरात स्थिरावलेल्या बऱ्याच वारसांना एवढे मान्य करायला अडचण पडू नये.

दुसरी गोष्ट नोंदीची. गावातली शाळा आणि एक टेप पुरे. गढीची लांबी-रुंदी, बुरूज किती, आड कुठे, दरवाजा कोणत्या दिशेला, हे मुलांनी मोजावे, फोटो काढावेत, म्हाताऱ्यांना बोलते करावे. जिथे यंत्राने आधीच कडा कापली आहे तिथे मातीचे थर पुस्तकाच्या पानांसारखे उघडे पडलेले असतात. त्यांचे फोटो विद्यापीठाच्या इतिहास विभागाकडे पाठवावेत. सापडलेली खापरे शाळेच्या एका कपाटात, कुठे सापडली ती चिठ्ठी लावून ठेवावीत.

तिसरी गोष्ट न करण्याची. गढीचा 'विकास' करू नये. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत आतून भुसभुशीत होऊन एक दिवस गिलाव्यासकट खाली येते. डागडुजी करायचीच तर त्याच मातीने, भूस घालून मळलेल्या चिखलाने करावी. भिंतीच्या माथ्यावरची झाडे लहान असतानाच काढावीत. रंगीत कारंजी, सिमेंटचे हत्ती आणि नेत्यांच्या नावांची कमान यांपासून तिला वाचवावे.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. १ मे हा ग्रामसभेचाही दिवस. रस्ते, पाणी आणि घरकुलांच्या यादीनंतर विषयपत्रिकेवर आणखी एक ओळ वाढवायला फार वेळ लागणार नाही: गढीची माती आजपासून कुणी नेणार नाही. ठरावाला अनुमोदन देताना ज्यांच्या आजोबांनी आत बसून वसूल मोजला आणि ज्यांच्या आजोबांनी बाहेर उभे राहून तो भरला, ते दोघेही हात वर करतील, तर त्या गढीचा दरवाजा पहिल्यांदा सगळ्यांसाठी उघडला, असे म्हणता येईल.